खांबाची सावली

“थोडासा डावीकडे वळवा ना तो कॅमेरा,” ऑर्व्हल म्हणाला. “फार नाही. चार बोटं.”

“डावीकडे काय आहे?”

“खांब आहे.”

“खांब बघायला सरकारने कॅमेरा बसवलेला नाही, ऑर्व्हल.”

सेलेस्ट हे रागाने बोलली नाही. ती त्या खोलीची साहेब होती, पण साहेबपणा अंगावर मिरवणारी नव्हती. समोरच्या भिंतीवर नऊ पडदे होते आणि त्यांत कालव्यावरचे नऊ पूल दिसत होते. तिसरा पडदा हॅगर्टीच्या पुलाचा. पूल सत्तर किलोमीटरवर, आणि तो फिरवणारा ऑर्व्हल इथे शहरात कचेरीतल्या फिरत्या खुर्चीत बसलेला. एकतीस उन्हाळे ज्या माणसाने लोखंडी दांडा छातीशी धरून, गोल गोल चालून तो पूल बोटींना वाट द्यायला बाजूला फिरवला, त्याला आता नुसतं बटण दाबायचं होतं.

“त्या खांबामागे कुणाचं तरी घर आहे,” सेलेस्ट म्हणाली. “खासगी घर चित्रात येता कामा नये, असा नियम आहे. मी हात लावला तर माझीच मान अडकेल.”

“कुणाचं तरी कसलं? माझ्या बहिणीचं आहे. तिची हरकत नाही. लिहून आणतो हवं तर.”

“आणि उद्या ती घर विकून गेली तर?”

“थेल्मा? ती त्या घरातून निघेल ती थेट दफनभूमीतच.” तो स्वतःच हसला. सेलेस्टही हसली आणि विषय तिथेच मिटला.

खांबाची गोष्ट तिला सांगून कळली असती की नाही, कोण जाणे. कालव्याच्या पल्याड अकरा घरं आहेत. दवाखाना, दुकान, शाळा, चर्च आणि दफनभूमी सगळं अल्याड. मध्ये पूल. पूल बोटींसाठी फिरला की पल्याडचे लोक बेटावर राहिल्यासारखे. वळसा घालायचा तर छत्तीस किलोमीटर. म्हणून ऑर्व्हलच्या आजोबांच्या वेळेपासून एक रीत पडलेली. पल्याड कुणाच्या घरी दुखणं विकोपाला गेलं, कुणाच्या कळा सुरू झाल्या, की थेल्माच्या कुंपणाच्या कोपऱ्यावरच्या खांबाला लाल फडकं लावायचं. फडकं दिसलं की रखवालदार पूल फिरवत नाही. बोटींनी तीन काय तीस भोंगे वाजवले तरी नाही. फोन आले, पण रखवालदार असतो पुलावर, दांड्याशी, आणि मोबाइलला त्या खोलगटात आजही रेंज मिळत नाही. डोळा मात्र रखवालदाराचा खांबावर असायचाच. पहिलं फडकं म्हणजे कुणा म्हातारीचा लाल फ्लॅनेलचा परकर होता म्हणतात. परकर कसला, विजारच होती, असं सांगणारेही आहेत, आणि त्यावरून दोन घरांत अजून भांडण होतं.

आता हे सगळं कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, डाव्या अंगाला, चार बोटांवर राहिलं होतं.

पुलाला मोटर बसणार हे कळलं तेव्हा वसंतात चर्चच्या खालच्या हॉलमध्ये सभा झाली होती. कॉफी होती, बटर टार्ट होते, आणि दोन्ही काठांवरची झाडून सगळी माणसं होती. गवताच्या गाड्या मधेच अडकल्या तर काय? आग विझवणारी मंडळी अल्याडची, आग लागली पल्याड, आणि पूल उघडा असला तर काय? वीज गेली तर? कालवा खात्याचा माणूस प्रत्येक प्रश्नाला चित्रं दाखवत होता. शेवटी थेल्माचा नवरा क्लेटन उभा राहिला. साडेसहा फुटांचा माणूस. दोन वर्षांपूर्वी हृदयाचं दुखणं होऊन गेलेलं, पण आवाज अजून ट्रॅक्टरवरून बोलल्यासारखा.

“म्हणजे आमचा जीव आता शहरातल्या बटणाला टांगायचा!” तो म्हणाला. “ह्या ऑर्व्हलला मी चाळीस वर्षं ओळखतो. बुद्धीने बेताचाच आहे—”

हॉलभर हशा.

“—पण फडकं दिसलं की थांबतो. तुमचं मशीन थांबेल का?”

खात्याचा माणूस तयारीचा होता. तो म्हणाला, “मशीनपाशी माणूस असणारच आहे, साहेब. आणि तो माणूस दुसरातिसरा कुणी नाही. तुमचा मेव्हणाच असणार आहे.”

सगळ्या माना ऑर्व्हलकडे वळल्या. ही गोष्ट त्याने अजून कुणाला सांगितली नव्हती. खात्याने त्याच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या होत्या, शहरातली खुर्ची नाहीतर घरी बसणं. बासष्टाव्या वर्षी, बायको गेलेली, मूलबाळ नाही. पुलाशिवाय घरी बसून त्याने भिंतींशी बोलायचं होतं का? तो उठला. टोपी हातात घेतली.

“मी आहे ना,” तो म्हणाला. “मी बघेन. जसं इथून बघत होतो तसंच तिथून बघेन.”

एवढंच. पण त्याच्या शब्दाला दोन्ही काठांवर वजन होतं. दाराशी विरोधाचा अर्ज ठेवलेला होता. त्यावर त्यानंतर एकही सही झाली नाही. क्लेटन टोपी डोक्यावर चढवत नुसता एवढंच म्हणाला, “बघ हं, मेव्हण्या.”

आणि आता खांब दिसत नव्हता. कामाच्या पहिल्या आठवड्यात ऑर्व्हल रात्री नीट झोपला नाही. गावात तोंड उघडावं तर आपलेच दात आणि आपलेच ओठ. सेलेस्टकडे दोनदा गेला, खात्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं की तातडीच्या प्रसंगी पुलाच्या नंबरवर फोन करण्याविषयीचं पत्रक घरोघरी वाटलेलं आहे. वाटलं होतंच. थेल्माने ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलंही होतं, पै-पाहुण्याच्या लग्नाची पत्रिका लावावी तसं.

मग एका सकाळी, दहाच्या सुमाराला, त्याला तिसऱ्या पडद्यावर काहीतरी दिसलं. पुलाच्या पलीकडच्या टोकाला रस्त्यावर एक काळी रेघ पडली होती. तो पुढे सरकला. रेघ सरळ होती आणि तिच्या टोकाला एक गाठ होती. खांबाच्या डोक्यावर पाखरांसाठी ठोकलेलं घरटं! खांब चौकटीत नव्हता, पण त्याची सावली होती.

त्याने लगेच थेल्माला फोन लावला.

“फडकं लाव बघू.”

“का रे? कोण आजारी आहे?”

“कुणी नाही. तू लाव तर.”

“ऑर्व्हल, माझे हात पिठात आहेत.”

“लाव गं, अक्का. पाया पडतो.”

दोन मिनिटांनी काळ्या रेघेच्या अंगाला एक तुकडा फडफडू लागला. राखाडी रस्त्यावर काळा, पण स्पष्ट. ऑर्व्हलच्या डोळ्यांत पाणी आलं. बासष्ट वर्षांचा माणूस सरकारी खुर्चीत बसून सावलीकडे बघत रडत होता, हे कुणी पाहिलं नाही ते बरंच झालं.

“दिसतंय!” तो फोनमध्ये ओरडला. “स्पष्ट दिसतंय गं!”

“मग कशाला एवढं घर डोक्यावर घेतलं होतंस? क्लेटन, अरे, त्याला दिसतंय म्हणे.”

मागून क्लेटनचा आवाज आला, “विचार, माझी विजार दिसते का दोरीवरची!”

सावली दिसते, हे ऑर्व्हलने सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण सावली म्हटलं असतं तर क्लेटनने ते गावभर केलं असतं. ऑर्व्हल आता सावल्या राखतो म्हणाला असता. आणि खरं सांगायचं तर त्यालाही तो भरवसा इतका हवा होता की त्यात भोक पाडायचं त्याच्या जिवावर आलं. ढगाळ दिवशी आणि दुपारनंतर, सावली दुसऱ्या अंगाला गेली की, आपण दर तासाला फोन करू, असं त्याने मनाशी ठरवलं. जून आणि जुलै तो तसं करतही होता. थेल्मा वैतागायची. “तुला काम नाही का रे दुसरं?” म्हणायची. लहानपणी आई गेल्यावर हिनेच त्याला न्हाऊमाखू घातलेलं. त्याच्या फोनला मायेचा फोन समजून ती दोन शब्द बोलून ठेवून द्यायची.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सुट्टी असते. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, कालव्यावर बोटींची जत्रा लोटली. आभाळ सकाळपासून भरून आलेलं. पाऊस पडत नव्हता आणि उघडतही नव्हतं. ऑर्व्हलने नऊला फोन केला. “ठीक आहोत, चर्चला निघतोय, पूल राख.” दहाला केला, कुणी उचलला नाही, चर्चमध्येच असणार. अकराला पाचव्या पुलाचं फाटक अर्ध्यावर अडकलं, दोन्हीकडे मोटारींची रांग लागली, आठव्या पुलाशी दोन बोटी एकमेकींवर घासल्या आणि बोटवाले रेडिओवर ऑर्व्हललाच शिव्या देऊ लागले. अकराचा फोन राहिला.

अकरा वाजून अठरा मिनिटांनी हॅगर्टीच्या पुलाशी सात बोटी उभ्या होत्या. त्याने तिसऱ्या पडद्याकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. राखाडी, सपाट, स्वच्छ. पलीकडच्या टोकाला रेघ नव्हती. ढग होते, रेघ असणार कुठून? पण त्याच्या डोळ्याला दोन महिन्यांत सवय लागली होती की काळा तुकडा नाही म्हणजे फडकं नाही. त्याने बटण दाबलं.

फाटकं खाली आली. पुलाची खीळ निघाली आणि तो सावकाश फिरू लागला. चौथाई वळला असेल नसेल, तोच पडद्याच्या खालच्या कडेतून लाल दिवे लुकलुकत रुग्णवाहिका आली आणि अल्याडच्या फाटकाशी थांबली.

कुणाकडे निघालीय हे ऑर्व्हलला विचारावं लागलं नाही. त्याने थांबण्याचं बटण दाबलं. पूल थांबला नाही. एकदा खीळ निघाली की पूर्ण उघडल्याशिवाय आणि समोरचं पाणी रिकामं झाल्याशिवाय तो परत वळत नाही. सुरक्षिततेसाठीच केलं होतं ते. हाताच्या पुलाला असली अक्कल नव्हती. छाती लावली की तो फिरायचा आणि पाय रोवले की जागच्या जागी थांबायचा.

“बोटी मागे घ्या!” तो ध्वनिक्षेपकात ओरडला. “मागे! रुग्णवाहिका आहे!”

पहिली बोट पुलात शिरलीच होती. दुसरी तिच्या शेपटीला. अरुंद पाणी, दोन्हीकडे दगडी भिंती. मागे जायचं तर सातही बोटींना एकदम जावं लागलं असतं. तिसऱ्या बोटीतल्या एका बाईने कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. तिला काय ऐकू आलं कोण जाणे.

“सेलेस्ट! परत वळवा हा! काहीतरी करा!”

सेलेस्ट धावत आली. तिने किल्ली फिरवली, फोन उचलला, कुणाला तरी सांगितलं, मग हात टेकले. “पाणी रिकामं होईपर्यंत तो ऐकणार नाही, ऑर्व्हल.”

तो थेल्माला फोन लावत राहिला. तिचा फोन व्यस्त होता. पडद्यावर कसलाच आवाज नव्हता. पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस रुग्णवाहिकेतून उतरून पाण्याच्या कडेला धावला, त्याने चौथ्या बोटीला हात केला, हातातली पेटी छातीशी धरून बोटीत उडी मारली आणि पलीकडच्या भिंतीवर चढून चौकटीबाहेर, डावीकडे, पळत गेला. स्ट्रेचर आणि मोठं यंत्र अल्याडच राहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे चालू होते. अकरा अठ्ठावीस. अकरा तेहतीस. सत्तर किलोमीटरवर बसून ऑर्व्हल आपल्याच पुलाकडे बघत होता आणि त्याला तिथे दगड टाकायलाही हात नव्हता. पूल जुळला तेव्हा अकरा सदतीस झाले होते.

रुग्णवाहिका पल्याड गेली. परत आली ती दिवे न लावता, सावकाश. ते त्याने पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

पुढे खात्याचं पत्र आलं. रुग्णाची अवस्था पाहता त्या विलंबाने फरक पडला असता असं म्हणता येत नाही, असं त्यात होतं. पडला नसता असंही म्हणता येत नाही, हे त्यात नव्हतं.

गुरुवारी क्लेटनला पुरलं. फादरने बायबल वाचलं, ग्लॅडिओलसची फुलं होती, नंतर हॉलमध्ये हॅमची सँडविचेस होती. गावाने ऑर्व्हलला एक शब्द सुनावला नाही. लोक त्याच्यासाठी खुर्ची सोडत होते, कॉफी आणून देत होते, आणि त्याला ते शिव्यांपेक्षा कडू लागत होतं. कुणीतरी गचांडी धरली असती तर बरं झालं असतं. थेल्मा खिडकीपाशी एकटी बसली होती. तो तिच्याजवळ गेला.

“फ्रिजवर नंबर होता ना, अक्का,” तो म्हणाला. बोलल्याबरोबर त्याला स्वतःची लाज वाटली.

“होता.” तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. “चर्चहून परतलो तोच क्लेटनच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिकेला फोन केला, आणि अनवाणी पळत जाऊन फडकं बांधलं. क्लेटन म्हणाला, पुलाला फोन कर. मी म्हटलं, कशाला? ऑर्व्हलला दिसतंय. तोच म्हणालाय.”

“मला सावली दिसायची,” ऑर्व्हल म्हणाला. “खांब नाही. नुसती सावली.”

तिने हातातला कप खिडकीत ठेवला.

“आणि ढग आले तर?”

ती उठली आणि बायकांमध्ये जाऊन बसली.

त्याने राजीनामा लिहिला. चार ओळींचा कागद, खिशात घालून सोमवारी शहरात गेला आणि तसाच घेऊन परत आला. आपण उठलो तर त्या खुर्चीत दुसरं कुणी बसणार, आणि त्याला खांब तर सोडाच, सावलीही ठाऊक नसणार, एवढाच एक विचार त्याला उठू देत नव्हता. पल्याड अजून अकरा घरांत माणसं होती. एका घरात आठवा महिना होता. तो कुणाकडे माफी मागायला गेला नव्हता की स्वतःलाही त्याने माफ केलं नव्हतं. नुसता बसून होता.

मंगळवारी लख्ख ऊन पडलं. दहाच्या सुमाराला तिसऱ्या पडद्यावर रेघ उमटली, घरट्याच्या गाठीसकट. आणि तिच्या अंगाला काळा तुकडा फडफडत होता.

ऑर्व्हल ताडकन पुढे झाला. बटणावरचा हात मागे घेतला. थेल्माला फोन लावला. तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही. रुग्णवाहिकेच्या कचेरीला विचारलं. तिकडे कुणाचाच फोन आला नव्हता. आठव्या महिन्याच्या घरी विचारलं. ती पोरगी म्हणाली, मी मजेत आहे, काका, काय झालं?

पुलाशी बोटी जमत होत्या. चार, पाच, आठ. बोटींनी भोंगा वाजवला की पेटणारे टेबलावरचे दिवे लुकलुकू लागले.

“ऑर्व्हल,” सेलेस्ट मागे येऊन उभी राहिली. “आठ बोटी आहेत. रस्ता रिकामा आहे.”

“थांबू देत.”

“कशासाठी?”

त्याने काचेवर बोट ठेवलं. “हे.”

ती वाकली. “सावली आहे.”

“फडक्याची आहे.”

“कुणी आजारी आहे का?”

“नाही.”

तेवढ्यात चौकटीच्या डाव्या कडेतून थेल्मा आली. चर्चचा निळा झगा, पायात बागेतले बूट, हातात दुधाच्या जुन्या किटलीत उभी केलेली ग्लॅडिओलसची फुलं. ती पुलावर चढली. गुडघ्यांमुळे ती हळूहळू चालते, आणि आज तर तिला कसलीच घाई दिसत नव्हती. मधोमध, जिथे पूर्वी ऑर्व्हल दांडा खोवायचा आणि आता लोखंडी झाकण ठोकलंय, तिथे ती थांबली, किटली या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे निघाली. वर कॅमेऱ्याकडे तिने पाहिलं नाही. बघायची गरज नव्हती तिला. फडकं लावलं होतं. पूल थांबणार होता.

ऑर्व्हलच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्याने ते पुसलं नाही. टेबलावरचा फोन किणकिणू लागला, तेव्हा सेलेस्टने तो उचलून, “पूल थांबवलेला आहे,” एवढंच सांगितलं.

थेल्मा अल्याडच्या कडेतून दफनभूमीच्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली. पूल रिकामा झाला. बोटी आता अकरा होत्या.

“गेली ती,” सेलेस्ट हळूच म्हणाली.

“परत यायचीय अजून,” ऑर्व्हल म्हणाला, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला.